एका पेटीत दोन कार्डं

अंकल कॉम्प्युटर सुरू करायच्या आधी पायात बूट घालायचे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीवर बसून खेळ खेळायचा, त्याला बूट! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आवरेना. तर म्हणाले, "ट्रक चालवायचाय बाय. चप्पल घालून ट्रक चालवतात काय?" मी म्हटलं, अंकल, पाय तर टेबलाखाली नुसते लोंबकळतायत, चालवताय तुम्ही बोटांनी. यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच येडी. बूट, खोचलेला शर्ट, मग कपाळाला-छातीला हात लावून क्रूस, आणि मगच बटण.

अंधेरीतल्या एका जुन्या गावठाणात मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहायचे. माहेर भांडुपचं, नोकरी अंधेरीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. रोजच्या जाण्यायेण्याला वैतागून खोली घेतली होती. जिना बाहेरून होता, पण तो उतरायचा त्यांच्याच ओटीवर, त्यामुळे अंकलना चुकवून कुठे जाणं शक्य नव्हतं. खरं सांगायचं तर मला चुकवायचंही नसायचं. दिवसभर लोकांचं रक्त काढून, वर त्यांच्या शिव्या खाऊन यावं आणि या माणसाचं काहीतरी अचाट ऐकत ओटीवर बसावं, बरं वाटायचं.

सगळी नोकरी त्यांनी लिफ्टच्या दुरुस्तीत काढली. रिटायर झाल्यावर मात्र लिफ्टमध्ये पाय ठेवायला तयार नसत. एकदा मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. दवाखाना भलत्याच वरच्या मजल्यावर. लिफ्ट आली, दार उघडलं, यांनी मान आत घालून वर बघितलं, खाली बघितलं, कान लावला आणि सरळ जिन्याकडे वळले. "ही कुणी बसवलीय मना माहीत हाय," एवढंच बोलले. वर पोचेपर्यंत असा काही दम लागला की डॉक्टरांनी डोळे सोडून आधी बीपी तपासलं आणि मलाच झापलं. अंकल शांत. म्हणाले, "जिवंत तर पोचलो ना?"

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. न हसण्यासारखी एकच गोष्ट त्या घरात होती, ती म्हणजे भिंत.

घर त्यांच्या वडिलांचं, कौलारू, लांबलचक. दोन भावांत वाटणी झाली तेव्हा मधल्या खोलीतून भिंत उभी केली, ती नेमकी एका खिडकीच्या मधोमध आली. भिंत वीतभर सरकवायला दोघांपैकी एकही तयार नाही. म्हणून खिडकीची एक झडप अंकलकडे, दुसरी धाकट्या भावाकडे. पूर्ण उघडी ती खिडकी मी कधीच बघितली नाही. अंकलचं दार क्रूसाच्या गल्लीत उघडायचं, धाकट्या अंकलचं पार मागे, विहिरीच्या अंगाला. म्हणजे भिंतीला पाठ लावून दोघं जेवायला बसले तर पाठीला पाठ, पण एकमेकांच्या दारात जायचं तर सगळं गावठाण वळसा घालून जावं लागे. आणि जात कोणीच नव्हतं. कित्येक वर्षं दोघं एकमेकांशी एक अक्षर बोललेले नव्हते. चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला एक पहिल्या बाकावर, तर दुसरा दाराशी, आणि "शांती असो" म्हणत शेजाऱ्याला हात द्यायची वेळ आली की दोघं हटकून विरुद्ध दिशेला वळायचे.

भांडण कशावरून झालं? मी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा वेगळं उत्तर मिळालं. एकदा नारळाच्या झाडावरून, एकदा वडिलांच्या घड्याळावरून, आणि तिसऱ्यांदा अंकल नुसतेच म्हणाले, "त्यालाच विचार." मी त्यालाही विचारलं. धाकटे अंकल म्हणाले, "त्यालाच विचार." घ्या!

अंकलची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा परदेशी, तिकडेच स्थायिक. धाकट्यांनी लग्नच केलं नाही. जन्मभर ट्रेलर चालवला, इथून गुजरात, तिथून मद्रास. अशी दोन एकटी म्हातारी माणसं, मधे वीटभर जाडीची भिंत. मला त्याचा फार राग यायचा. आमच्या भांडुपच्या चाळीत भांडणं काय कमी होती? नळावर झिंज्या उपटायचो. पण कोणाकडे आजारपण आलं की भांडलेलीच बाई पहिली डबा घेऊन हजर. हे असलं थंड भांडण मी बघितलं नव्हतं.

तर तो कॉम्प्युटर. मुलाचा होता. गेम खेळण्यासाठी त्याने हौसेने बनवून घेतलेला, आणि जाताना बापाच्या गळ्यात टाकून गेला. अंकल त्यात ट्रक चालवायला शिकले. परदेशातले मोठमोठे रस्ते, माल भरायचा, दुसऱ्या गावाला पोचवायचा. लिफ्टच्या मोटारींच्या घरघराटात एक कान गेलेला, म्हणून आवाज असा मोठा ठेवायचे की माझ्या माडीवर भांडी थरथरायची. एका संध्याकाळी ते असेच चढावर ट्रक रेटत होते आणि पलीकडून भिंतीवर धाडधाड बुक्क्या आल्या. पाठोपाठ ओरडणं, "गिअर बदल रं गाढवा! इंजिन रडतंय!"

इतक्या वर्षांत भावाच्या तोंडून आलेलं ते पहिलं वाक्य.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"गिअर बदलला," अंकल म्हणाले. "मग ट्रक कडेला लावला नि बसून राहिलो. मना पुढचं दिसेना."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मिस्सा उरकल्या उरकल्या माझ्या दारात उभे. "चल, दुकानात जायचंय. तुना इंग्लिश येतं." कॉम्प्युटरचं दुकान चालवणारा आमच्याच गल्लीतला, मराठी माणूस, इंग्लिशचा काही संबंध नव्हता. पण गेले. अंकलनी त्याला सांगितलं, माझ्या कॉम्प्युटरच्या पेटीत अजून एक ग्राफिक्स कार्ड बसव, भिंतीपलीकडे भावाला पडदा द्यायचाय. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणारा भाग. दुकानदार म्हणाला, कशाला, आहे त्याच कार्डाला दोन पडदे जोडता येतात की.

"नाय. ते माझं हाय. माझ्या वस्तूला तो हात लावणार नाय. त्याचं त्याला पायजे, वेगळं."

दुकानदाराने मग त्यांना समजावलं. मुलाचं कार्ड एका कंपनीचं, दुकानात असलेलं जुनं कार्ड दुसऱ्याच कंपनीचं. दोघांच्या वयात अंतर, ताकदीत अंतर, सॉफ्टवेअर एकमेकांशी पटवून घेत नाही. कुरबुरी होणार, मशीन तापणार, अडकणार. "अंकल, यांची जोडी लागत नाही हो."

"जोडी नाय पायजे," अंकल म्हणाले. "शेजार पायजे. भांडतील, भांडू दे. पण ऱ्हातील एका पेटीत."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, मी खांदे उडवले. त्याने खटपट करून एकाच पेटीचे आतल्या आत दोन कॉम्प्युटर केल्यासारखं काहीतरी केलं, एका कार्डावर एक, दुसऱ्यावर दुसरा. शेवटी विचारलं, "तुम्हाला चांगलं कार्ड ना?"

"त्याला चांगलं," अंकल म्हणाले. "नि तू बोलू नको त्याला," हे मला. "कळलं तर परत करील. तसलाच हाय तो."

भिंतीला भोक पाडायचं काम मात्र त्यांनी कोणाला करू दिलं नाही. ड्रिल, पाण्याची पातळी बघायची नळी, पेन्सिल, सगळं घेऊन बसले. आणि मला पाठवलं वळसा घालून, पडदा आणि कीबोर्ड घेऊन. धाकट्या अंकलनी दार अर्धंच उघडलं.

"काय हाय ह्ये?"

"अंकलनी पाठवलंय."

"कोण अंकल?"

"पलीकडचे."

"मना नको त्याचं काय."

"त्यांचं नाहीये. तुमचंच आहे. वेगळं घेतलंय."

त्यांनी कीबोर्ड उलटापालटा करून बघितला. मग म्हणाले, "धूळ बघ केवढी! याला पुसता पण येत नाय," आणि शर्टाच्या बाहीने पुसत पुसत आत घेऊन गेले. मी मागोमाग. तेवढ्यात भिंतीतून प्लास्टर सांडलं आणि वायरीचं टोक बाहेर आलं. हळूहळू सरकत होतं. धाकट्यांनी जाऊन ते धरलं आणि ओढलं. पलीकडून वायर सुटेना. अंकलनी घट्ट धरून ठेवली होती. मला वाटलं, आता हे याच्यावरूनही भांडतात की काय! पण दोघंही ओढत नव्हते, नुसते धरून होते. मग पलीकडून हात सैल झाला आणि वायर भसकन आत आली.

त्यानंतर रोज संध्याकाळी एकाच रस्त्यावर दोन ट्रक निघायचे. मी ओटीवर चहा घेऊन बसायचे आणि तिथल्या खिडकीतून अंकलचा पडदा बघायचे. धाकटे चालवायचे नमुनेदार, इंडिकेटर दिल्याशिवाय वळणार नाहीत, चढावर ओव्हरटेक नाही. अंकल म्हणजे बेछूट. कठड्याला घास, सिग्नल तोड, मागे मालाचे खोके उधळत चाललेले. मग पुढे गेलेला धाकट्यांचा ट्रक कडेला थांबायचा, हे मागून धडपडत येईपर्यंत. बोलणं काहीच नाही. पण थांबायचा.

दुकानदाराचंही खरं ठरलं. दोन कार्डं अंगाला अंग लावून बसलेली, त्यातलं मोठं तापायचं आणि धाकट्यांचा पडदा थिजायचा. तसं झालं की भिंतीवर दोन थापा यायच्या. अंकल लगेच उठायचे. पेटीचं झाकण कायम उघडंच, समोर टेबलफॅन घों घों करत लावलेला. कार्ड उपसायचं, खोडरबराने त्याची पितळी टोकं घासायची, फुंकर मारायची, परत बसवायचं. "त्याच्यासारखंच हाय," म्हणायचे, "बसल्या जागी तापतं." पण कामाला हात असा लावायचे की जणू ताप आलेल्या पोराला बघतायत. रविवारी सुक्या बोंबलांचं कालवण मुद्दाम जास्त करायचे आणि हनुवटीने भिंतीकडे दाखवून मला म्हणायचे, "मना जास्त झालं गो. दे कुणाला तरी." मी वळसा घालून द्यायला जायचे. धाकटे म्हणायचे, "मीठ कमी हाय," आणि भांडं चाटूनपुसून परत द्यायचे.

माझ्या मनाने एकच धरलं होतं, यांनी एकदा तोंडाने बोलावं. एक जाण्याआधी. मी अंकलच्या मागेच लागले. शेवटी कबूल झाले. चर्चचा सण जवळ आला होता. त्या दिवशी सगळ्यांची दारं उघडी असतात, कोणीही कोणाकडे जातं. "सणाच्या दिवशी जातो," म्हणाले. "विहिरीकडून जाईन, दार वाजवीन. पण बाय, पयलं काय बोलू?"

"काहीही बोला."

"काहीही कसं? इतक्या वर्षांनी. 'जेवलास का' बोलू?"

"चालेल."

"सकाळी जायचंय. सकाळी जेवलास का कसं विचारू?"

रोज एक नवं वाक्य घेऊन यायचे. 'बरा हायस ना' नको, तो म्हणेल तुला काय करायचंय. सणाचे मैद्याचे तळलेले फुगे नेऊन 'फुगे घे' म्हणावं, तर तो म्हणेल, करपवलेस. मी म्हटलं, अंकल, नुसते उभे राहा, तेच बोलतील. मान हलवली. "नाय. मोठा मी हाय. पयलं मनाच बोलायला पायजे."

सणाला थोडे दिवस उरले असताना मी भांडुपला गेले होते, आईकडे. परत आले तेव्हा गल्लीत माणसं उभी होती, आणि ती वळसा घालून मागच्या बाजूला चालली होती.

झालं ते मला अंकलनी नंतर सांगितलं, एकदम नाही, तुकड्या-तुकड्यांनी. नेहमीसारखे दोन ट्रक निघाले होते. धाकट्यांचा पुढे होता. एका सरळ रस्त्यावर तो हळू झाला, कडेला गेला आणि थांबला. अंकलना वाटलं, आपल्यासाठी थांबला. मागून जाऊन उभे राहिले. तो हलेना. मग वाटलं, कार्ड तापलं, पडदा थिजला. भिंतीवर थापा आल्या नाहीत, तर यांना वाटलं, रुसला. कारण मघाशीच यांनी त्याला वळणावर कट मारला होता. तर हे उठले. कार्डाला शिव्या घातल्या, उपसलं, खोडरबराने घासलं, फुंकलं, बसवलं. परत सुरू केलं. आपला ट्रक घेऊन रस्त्यावर बराच वेळ वाट बघितली, धाकट्यांचा काही आला नाही. म्हणाले, रुसू दे, सणाला काढतो समजूत. आणि बंद करून जेवायला बसले. भिंतीला पाठ लावून.

सकाळी पाववाल्याने धाकट्यांचं दार वाजवलं. उघडलं नाही.

हृदयाचा झटका. खुर्चीतच होते, टेबलावर डोकं टेकवून. डॉक्टर कोणाला तरी सांगत होता, लगेच गेले असतील असं नाही, थोडा वेळ असतील. हळूच सांगत होता, पण अंकलचा धड कान नेमका त्याच बाजूला होता.

अंत्यविधीला अंकल रडले नाहीत. दुकानदार भेटायला आला, चांगल्या मनाने म्हणाला, "अंकल, आता ते एक कार्ड काढून टाकतो, मशीन थंड राहील." ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे." पुढे वर्षभराने ते स्वतः गेले तोवर दोन्ही कार्डं त्या पेटीतच होती. मुलगा आला, घराची व्यवस्था लावली, मीही खोली सोडली. आता ते घर उभं आहे की नाही, मला माहीत नाही. मी त्या बाजूला जातच नाही.

पण मला अंकलची आठवण येते ती शेवटच्या आजारपणातली नाही. धाकटे गेले त्यानंतरच्याच महिन्यातली एक संध्याकाळ आठवते. त्या दिवसांत ते एकच प्रश्न विचारायचे. मी जिना उतरले की, चढले की. "भिंत वाजली असती तर मी ऐकलं असतं ना गो? का वाजली नि मना ऐकू आलं नाय?" मी सांगायचे, नाही वाजली अंकल, त्यांना वेळच मिळाला नसेल. त्यांना पटायचं नाही. फॅन चालू होता, एक कान गेलेला, वर मी शिव्या घालत होतो, असं सगळं परत परत मांडायचे.

त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या हातात मागच्या दाराची किल्ली दिली. "तिकडं जा. त्याच्या खुर्चीत बस. तिथनं भिंतीवर थाप मार. मी इथं तसाच बसतो, फॅन लावून, पेटीत हात घालून. मना बघायचंय ऐकू येतं का."

"अंकल, काय करताय हे? कशाला?"

"जा गो बाय."

गेले. वळसा घालून, विहिरीवरून. आत कोंदट वास होता. खुर्चीत बसले. पलीकडे फॅनचा आवाज सुरू झाला. मी हात भिंतीला लावला. आजारी माणसाचे हात मी रोज बघते, रोज धरते. छातीत कळ आलेल्या माणसाच्या हातात किती जोर उरतो ते मला ठाऊक आहे. मी तेवढ्याच जोराने थाप मारली. दोन थापा. थांबले. परत दोन मारल्या.

पलीकडून अंकलचा आवाज आला, "मार ना गो! कंदी मारतेस?"

मी ओठ चावले, मूठ वळली आणि सगळा जीव एकवटून भिंतीवर हाणली. दोनदा. भोकाजवळचं प्लास्टर माझ्या मांडीवर पडलं.

"मारली!" मी ओरडले. "आत्ता मारली!"

"आली!" ते ओरडले. "आली ऐकू! फॅन असून आली!" फॅन बंद झाला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, बुटांचा आवाज आला. भिंतीच्या अगदी जवळ आले असावेत, कारण पुढचं बोलणं माझ्या कानाशी बोलल्यासारखं ऐकू येत होतं. पण ते माझ्याशी नव्हतं.

"येतं की रं मना ऐकू," अंकल म्हणत होते. "मग मारली का नायस? एकदा मारायची होतीस. मी आलो असतो रं. धावत आलो असतो."

माझी मूठ ठणकत होती. त्यांचं बोलून होईपर्यंत मी त्या खुर्चीत श्वास रोखून बसून राहिले.